ऐकणारा आणि पारखणारा : मनोविश्लेषकाच्या प्रशिक्षणाचा इतिहास

१

कोणत्याही विद्येचा इतिहास लिहिताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट असते. ती विद्या कशी उदयास आली, हा पहिला प्रश्न. आणि ती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सोपविण्याची रीत कशी ठरली, हा दुसरा. मनोविश्लेषणाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली आहे. फ्रॉइडचे सिद्धांत, त्याचे अनुयायी, त्याचे विरोधक यांविषयी मराठीतही बरेच लिहिले गेले आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र आपले लक्ष फारसे गेलेले नाही. मनोविश्लेषक व्हावयाचे तर काय करावे लागते, ते कोणी ठरविले, कशासाठी ठरविले आणि त्यातून कोणत्या अडचणी निर्माण झाल्या, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय मानसशास्त्राचा असला तरी भाषेच्या अभ्यासकाचेही त्यात लक्ष गुंतावे असे एक कारण आहे. मनोविश्लेषणाचे सारे कार्य बोलण्यातून चालते. औषध नाही, उपकरण नाही. एक व्यक्ती बोलते आणि दुसरी ऐकते. बोलणाऱ्यावर एकच बंधन असते. मनात जे येईल ते, क्षुल्लक वाटो, असंबद्ध वाटो अथवा लाजिरवाणे वाटो, न निवडता सांगावे. यालाच या शास्त्रात मूलभूत नियम म्हणतात. व्यवहारातील आपले प्रत्येक वाक्य निवडीतून जन्मते. कोणापुढे काय बोलावे, काय गाळावे, कोणत्या शब्दाऐवजी कोणता वापरावा, याचा विचार आपण नकळत करीतच असतो. हा मूलभूत नियम ती निवड तहकूब करावयास सांगतो. परंतु अशी तहकुबी शक्य व्हावयाची तर ऐकणाराही विशिष्ट प्रकारचा असावा लागतो. तो रागावणार नाही, बक्षीस देणार नाही आणि ऐकलेले बाहेर नेणार नाही, असा विश्वास बोलणाऱ्यास हवा.

प्रशिक्षणाच्या इतिहासातील पेच येथेच उद्भवतो. भावी विश्लेषकाने आधी स्वतःचे विश्लेषण करून घेतले पाहिजे, असे ठरले. ते ज्याच्यापुढे करावयाचे तो विश्लेषक संस्थेचा अध्यापकही असे आणि उमेदवारास पुढे पाठवावयाचे की नाही, यावर त्याचे मतही घेतले जाई. म्हणजे ऐकणारा तोच पारखणारा झाला. ज्याच्यापुढे काहीही लपवावयाचे नाही, त्याच्याच हाती आपले भवितव्य असेल, तर वाणी मुक्त राहील काय? शंभर वर्षांच्या या इतिहासातील पुष्कळशी भांडणे या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतात.

२

प्रारंभी असा काही नियम नव्हता. १९०२ सालापासून व्हिएन्नामध्ये फ्रॉइडच्या घरी दर बुधवारी जी मंडळी जमत, त्यांना कोणी प्रवेशाची पात्रता विचारीत नसे. डॉक्टर होते, लेखक होते, संगीताचे जाणकार होते. फ्रॉइडच्या ग्रंथांचे वाचन आणि स्वतःच्या स्वप्नांची उकल, एवढ्या भांडवलावर माणसे विश्लेषण करू लागत. खुद्द फ्रॉइडचे विश्लेषण कोणीही केले नव्हते. १८९७ साली त्याने स्वतःच स्वतःचे विश्लेषण आरंभिले. पण त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपला मित्र फ्लीस यास लिहिलेल्या पत्रात, खरेखुरे आत्मविश्लेषण ही अशक्य गोष्ट आहे, अशी कबुलीही त्याने दिली.

१९१० साली न्यूरेंबर्ग येथे दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथील व्याख्यानात फ्रॉइडने प्रतिसंक्रमणाचा, म्हणजे रुग्णामुळे विश्लेषकाच्या अबोध मनात उठणाऱ्या भावनांचा, मुद्दा मांडला. विश्लेषकाची मजल त्याच्या स्वतःच्या गंडांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून त्याने आत्मविश्लेषणाने आरंभ करावा आणि ते सतत चालू ठेवावे, असे त्याचे प्रतिपादन होते. दोनच वर्षांनी, १९१२ साली, तंत्रविषयक सूचना देताना तो एक पाऊल पुढे गेला. विश्लेषण करू इच्छिणाऱ्याने दुसऱ्या जाणकाराकडून आपले विश्लेषण करून घ्यावे, ही मागणी झुरिच येथील मंडळींनी पुढे आणली होती आणि फ्रॉइडने तिचे श्रेय मोकळेपणाने त्यांना दिले. आत्मविश्लेषणाकडून परविश्लेषणाकडे झालेले हे स्थित्यंतर वरवर किरकोळ भासते. वस्तुतः सर्व प्रशिक्षणपद्धतीचे बीज त्यात आहे. कारण दुसऱ्याची गरज मान्य केली की तो दुसरा कोण आणि त्यास तो अधिकार कोणी दिला, हे प्रश्न आपोआप उभे राहतात.

या काळातील प्रशिक्षण किती सैल होते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. माक्स आयटिंगॉन हा झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयातून आलेला तरुण डॉक्टर. १९०९ साली व्हिएन्नामध्ये सायंकाळी फिरावयास जाताना फ्रॉइडने त्याचे विश्लेषण केले. चालता चालता झालेल्या या संभाषणांस पुढे पहिले शिक्षण-विश्लेषण म्हणण्याची प्रथा पडली. प्रशिक्षणाला काटेकोर नियमांत बसविण्याचे काम पुढे याच आयटिंगॉनच्या हातून व्हावयाचे होते.

१९१८ सालच्या सप्टेंबरात बुडापेस्ट येथे परिषद भरली. महायुद्ध संपत आले होते. युद्धजन्य मनोविकारांच्या उपचारांमुळे सरकारी अधिकारीही या शास्त्राकडे वळले होते. तेथे हेर्मान नुनबेर्ग याने असा विचार मांडला की, प्रत्येक विश्लेषकाचे विश्लेषण झालेले असलेच पाहिजे. रांक आणि टाउस्क यांनी विरोध केल्यामुळे त्यावेळी तो ठराव संमत झाला नाही. त्याच परिषदेत फ्रॉइडने गरिबांसाठी मोफत उपचारकेंद्रे निघण्याचे भाकीत केले. या दोन कल्पना, सक्तीचे विश्लेषण आणि मोफत दवाखाना, दोनच वर्षांत एका छपराखाली आल्या.

मध्यंतरी एक वेगळी वाट क्षणभर उघडली होती. १९१९ साली हंगेरीतील अल्पजीवी क्रांतिकारी राजवटीत बुडापेस्ट विद्यापीठात शांडोर फेरेंत्सी याची मनोविश्लेषणाचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. जगातील अशी ही पहिलीच नेमणूक होय. त्याच वर्षी हंगेरियन भाषेत प्रसिद्ध झालेल्या एका लेखात फ्रॉइडने म्हटले होते की, विद्यापीठात या विषयाला स्थान मिळाले तर समाधान आहे; परंतु विश्लेषकाचे स्वतःचे विद्यापीठावाचून काही अडत नाही. राजवट कोसळली, प्राध्यापकपद गेले आणि ती वाट मिटली. मनोविश्लेषणाचे शिक्षण विद्यापीठाबाहेर, स्वतंत्र संस्थांतून वाढले.

३

१४ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनमध्ये पोट्सडामर श्ट्रासेवरील २९ क्रमांकाच्या इमारतीत मनोविश्लेषणाचे उपचारकेंद्र सुरू झाले. पैसा मुख्यतः आयटिंगॉनच्या घराण्याचा होता. अंतर्गत मांडणी फ्रॉइडचा वास्तुशिल्पी मुलगा अर्न्स्ट याने केली होती. कार्ल आब्राहाम, एर्न्स्ट झिमेल हे सहकारी होते. रुग्णाने ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे, ऐपत नसेल तर देऊ नये, असा तेथील रिवाज होता. रुग्णांची रीघ लागली, आणि इतक्या रुग्णांना पुरे पडतील एवढे विश्लेषक आणावयाचे कोठून, हा प्रश्न पडला. प्रशिक्षणाची पद्धत ठरण्यास ही व्यावहारिक निकड कारणीभूत झाली, हे विसरता कामा नये.

या पद्धतीचे तीन भाग होते. पहिला भाग म्हणजे उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण. दुसरा, सिद्धांत आणि तंत्र यांवरील व्याख्याने व चर्चावर्ग. तिसरा भाग असा की, उमेदवाराने केंद्रातील रुग्णांचे विश्लेषण करावयाचे आणि त्याचा वृत्तान्त अनुभवी विश्लेषकापुढे नियमितपणे मांडावयाचा. उमेदवारांच्या विश्लेषणासाठी व्हिएन्नाहून हान्स झाक्स यास १९२० मध्ये मुद्दाम बोलाविण्यात आले. रुग्णांवर उपचार करणे हे त्याचे काम नव्हते. भावी विश्लेषकांचे विश्लेषण करणे एवढेच होते. हा झाक्स शिक्षणाने वकील होता, डॉक्टर नव्हता. ही गोष्ट पुढील भागाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आरंभीच्या नियमांत शिक्षण-विश्लेषणाची किमान मुदत सहा महिन्यांची होती. आजच्या मानाने ती फारच थोडी वाटेल. पुढे वर्षे उलटत गेली तसतशी ती वाढत गेली. व्हिएन्नाच्या हेलेने डॉइच हिने १९२३-२४ मध्ये बर्लिनमधील काम प्रत्यक्ष पाहिले आणि परतल्यावर व्हिएन्नामध्ये निघालेल्या प्रशिक्षणसंस्थेची सूत्रे तिच्याकडे आली. लंडनमध्येही १९२४ साली अशी संस्था स्थापन झाली. १९२५ साली बाड होम्बुर्ग येथील परिषदेत आयटिंगॉनने सुचविले की, विश्लेषक घडविण्याचे काम यापुढे व्यक्तींच्या खासगी मर्जीवर सोडू नये. ते संस्थांनी, सर्वत्र सारख्या नियमांनी करावे. परिषदेने ते मान्य केले आणि त्याच्याच अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण-मंडळ अस्तित्वात आले. १९०९ मध्ये रस्त्याने चालता चालता ज्याचे विश्लेषण झाले होते, त्यानेच सोळा वर्षांनी ती मोकळीक कायद्याने बंद केली.

असे का झाले असावे? काटेकोरपणाची आवश्यकता उघड होती. कोणीही उठून स्वतःस विश्लेषक म्हणवू लागला होता आणि त्यात रुग्णांचे अहित होत होते. झिगफ्रीड बेर्नफेल्ड याने मात्र आणखी एक कारण सुचविले. १९५२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे दिलेले त्याचे व्याख्यान त्याच्या मृत्यूनंतर १९६२ साली प्रसिद्ध झाले. १९२३ मध्ये फ्रॉइडला कर्करोग झाल्याचे कळले तेव्हा अनुयायांच्या मनात जी धास्ती बसली, तिच्यातून हे कुंपण उभे राहिले, असे त्याचे म्हणणे. वारसा सांभाळण्याच्या चिंतेने दारे अरुंद केली, असा त्याचा आशय आहे. हे मत सिद्ध करणे कठीण. तथापि ते अशा माणसाचे आहे की ज्याने व्हिएन्नाच्या संस्थेत स्वतः शिकविले होते. म्हणून ते सहज बाजूला सारता येत नाही.

४

या संस्थांनी जी परिभाषा घडविली तिच्याकडे जरा बारकाईने पाहावे. उमेदवाराच्या विश्लेषणास जर्मन भाषेत लेहरआनालीझे म्हणतात. यातील पूर्वपद लेहरे म्हणजे शिकवण. पण तेच पद लेहरलिंग म्हणजे कारागिराच्या हाताखालील शिकाऊ मुलगा आणि लेहरयारे म्हणजे उमेदवारीची वर्षे, या शब्दांतही आहे. हा शब्द कारागिरांच्या श्रेणीतून आलेला आहे. देखरेखीखालील विश्लेषणास कंट्रोलआनालीझे हे नाव पडले. कंट्रोल या शब्दाचे मूळ हिशेबनिसाच्या कचेरीत सापडते. मूळ नोंदवही पडताळून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही, असा मध्ययुगीन लॅटिनमधील त्याचा अर्थ. डॉक्टर नसलेल्या विश्लेषकास लायेन म्हणू लागले. हा शब्द ग्रीक भाषेतील लोकवाचक शब्दापासून निघून चर्चमध्ये गेला आणि तेथे धर्मोपदेशक नसलेला तो, असा अर्थ पावला. कँडिडेट हा तर प्राचीन रोममध्ये शुभ्र झगा घालून पदासाठी मते मागणारा इच्छुक.

कारागिराची श्रेणी, हिशेबाची कचेरी, चर्च आणि निवडणुकीचा चौक, अशी ही चार स्थाने आहेत. कोणत्याही नव्या संस्थेस आपली परिभाषा जुन्या संस्थांकडून उसनी घ्यावी लागते आणि उसन्या शब्दाबरोबर त्या संस्थेची सवयही थोडीफार येतेच. ऑटो केर्नबेर्ग याने १९८६ साली एक लेख लिहिला. कलाशाळा, तंत्रशाळा, धर्मपीठ आणि विद्यापीठ असे शिक्षणाचे चार नमुने त्याने पुढे ठेवले आणि प्रत्यक्षातील मनोविश्लेषणसंस्था तंत्रशाळा व धर्मपीठ यांच्याकडे झुकल्या आहेत, असा अभिप्राय दिला. शब्दांची व्युत्पत्ती पाहणाऱ्यास हा निष्कर्ष अनपेक्षित वाटू नये.

आपल्याकडील शब्दांचाही येथे विचार करण्यासारखा आहे. मराठीत मनोविश्लेषण हा शब्द रूढ आहे. श्लिष् म्हणजे जोडणे. विश्लेषण म्हणजे जोडलेले सुटे करणे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सोडविणे, मोकळे करणे असाच असल्यामुळे हा पर्याय नेमका आहे. बंगालीत मात्र मनःसमीक्षण हा शब्द प्रचारात आला. सम् आणि ईक्ष् यांपासून बनलेल्या या शब्दात तोडण्याची क्रिया नाही. सर्व बाजूंनी नीट पाहण्याची आहे. मराठीत समीक्षा म्हटले की वाङ्मयीन समीक्षा आठवते, तर कलकत्त्याच्या मनोविश्लेषकांनी १९४७ साली सुरू केलेल्या नियतकालिकाचे नावच समीक्षा असे आहे.

५

डॉक्टर नसलेल्याने विश्लेषण करावे काय, या वादाचे निमित्त थेओडोर राइक हा झाला. राइकची डॉक्टरेट मानसशास्त्रातील होती आणि १९१२ सालचा त्याचा प्रबंध फ्लोबेरच्या एका साहित्यकृतीवर होता. वैद्यकीय पदवीवाचून रुग्णांवर उपचार करणे ऑस्ट्रियाच्या कायद्याने गुन्हा होता. १९२६ साली त्याच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप ठेवण्यात आला. पुढे तो टिकला नाही. त्याच वर्षी फ्रॉइडने अवैद्य विश्लेषणाच्या प्रश्नावर एक छोटे पुस्तक लिहिले. निःपक्षपाती पण शंकेखोर अशा एका गृहस्थाशी केलेला संवाद, असे त्याचे रूप आहे.

त्या पुस्तकात फ्रॉइडने मनोविश्लेषणाच्या काल्पनिक महाविद्यालयाचा अभ्यासक्रम सुचविला आहे. जीवशास्त्र, लैंगिक जीवनाचे शास्त्र, मनोविकारांची लक्षणे हे विषय त्यात आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला संस्कृतीचा इतिहास, पुराणकथा, धर्माचे मानसशास्त्र आणि साहित्य यांचाही समावेश आहे. वैद्यकीय शाळेत शिकविलेले पुष्कळसे ज्ञान विश्लेषकाच्या उपयोगी पडत नाही आणि जे त्याला हवे ते तेथे मिळत नाही, हा त्याचा युक्तिवाद. भोंदू कोण, याची व्याख्याही त्याने बदलली : आवश्यक ज्ञान व कौशल्य नसताना उपचार करणारा तो भोंदू, पदवी असो वा नसो.

अमेरिकेतील विश्लेषकांना हे पटले नाही. तेथे भोंदू वैद्यांचा सुळसुळाट मोडून वैद्यकीय शिक्षणाला नुकतीच शिस्त लागली होती आणि विश्लेषकांना त्या शिस्तीत आपले स्थान हवे होते. १९३८ साली अमेरिकन मनोविश्लेषण संघटनेने ठरविले की, यापुढे वैद्यकीय पदवीधरांनाच उपचारासाठी प्रशिक्षण द्यावयाचे. ज्यांना आधी मान्यता मिळाली होती त्यांचा अपवाद करण्यात आला. याच वर्षी नाझी सत्तेपासून जीव वाचवून राइक न्यूयॉर्कला पोचला. फ्रॉइडने ज्याची बाजू घेऊन पुस्तक लिहिले होते, त्यास तेथील संस्थेने पूर्ण सदस्यत्व नाकारले. १९४८ मध्ये त्याने स्वतःची वेगळी संघटना काढली. १९८५ साली चार मानसशास्त्रज्ञांनी न्यायालयात फिर्याद दाखल केली आणि १९८८-८९ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे डॉक्टर नसलेल्यांना मुख्य संस्थांची दारे रीतसर उघडली. दरम्यान पन्नास वर्षे गेली होती. पदवी नसलेला एरिक एरिक्सन व्हिएन्नामध्ये १९३३ साली विश्लेषक झाला आणि अमेरिकेत मान्यता पावला. तोच पाच-सहा वर्षे उशिरा निघाला असता तर त्यास अमेरिकेतील प्रशिक्षण मिळाले नसते.

याच दशकात बर्लिनमधील मूळ संस्थेचा अंत झाला. १९३३ मध्ये ज्यू विश्लेषकांना पदांवरून दूर करण्यात आले. वर्षअखेर आयटिंगॉन पॅलेस्टाइनला गेला आणि जेरुसलेममध्ये त्याने बर्लिनच्याच धर्तीवर संस्था उभारली. राडो न्यूयॉर्कला, अलेक्झांडर शिकागोला, झाक्स बोस्टनला आधीच गेले होते. १९३६ मध्ये बर्लिनची वास्तू माटिआस ग्योरिंग याच्या नव्या संस्थेच्या ताब्यात गेली. तेथील उपचारविभागाचा प्रमुख योन रिटमाइस्टर प्रतिकारचळवळीत सापडला आणि १९४३ साली त्यास देहान्त शासन झाले. मूळ स्थान नष्ट झाले आणि त्याचा नमुना जगभर पसरला, असा हा दैवयोग आहे.

६

या पार्श्वभूमीवर कलकत्त्याचे उदाहरण विशेष विचारार्ह ठरते. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९१० साली वैद्यकीय पदवी मिळविली आणि १९२१ साली दमन या संकल्पनेवरील प्रबंधास कलकत्ता विद्यापीठाची मानसशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. तो ग्रंथ त्यांनी फ्रॉइडकडे पाठविला आणि उभयतांत पत्रव्यवहार सुरू झाला. भेट कधीच झाली नाही. १९२२ साली १४, पारसीबागान लेन येथील त्यांच्या निवासस्थानी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला संलग्नता दिली. सभासदांत महाविद्यालयीन अध्यापकांचा भरणा मोठा होता. १९५३ साली निधन होईपर्यंत बोसच तिचे अध्यक्ष होते. १९४० साली निघालेले लुंबिनी पार्क रुग्णालय हेही या मंडळींचेच कार्य.

बोस यांचे विश्लेषण कोणीही केलेले नव्हते. बाड होम्बुर्गच्या नियमानुसार ते प्रशिक्षित विश्लेषक ठरले नसते. तरीही पुढील पिढीतील अनेक भारतीय विश्लेषकांचे विश्लेषण त्यांनीच केले. म्हणजे कलकत्त्याच्या परंपरेचा पहिला दुवा अविश्लेषित आहे. पण व्हिएन्नाचाही पहिला दुवा अविश्लेषितच होता. नाथपंथीय परंपरेत ज्ञानदेवांना निवृत्तिनाथांकडून, निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून, असे मागे जात जात आपण आदिनाथांपाशी थांबतो. आदिनाथांचा गुरू कोण, हे परंपरा विचारीत नाही. कारण परंपरेचा नियम परंपरेच्या उगमास लावता येत नाही. आयटिंगॉनने नियम केला तेव्हा त्यालाही हा अपवाद मुकाट्याने गृहीत धरावा लागला.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मनोविश्लेषकाच्या प्रशिक्षणास गुरुशिष्यपरंपरेची उपमा वारंवार दिली जाते आणि भारतीय वाचकास ती चटकन पटते. परंतु आपल्या परंपरेत गुरू सांगतो आणि शिष्य ऐकतो. श्रुती या शब्दातच ती दिशा आहे. शिक्षण-विश्लेषणात शिष्य बोलतो आणि शिकविणारा ऐकतो. ज्ञानाचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो हे येथे उलटले आहे. गुरूपाशी शिष्याने मन उघडे करावे हे आपल्याकडेही अपेक्षित असेल. पण उघडे करणे हाच अभ्यासक्रम, असे नसते. ही उपमा म्हणूनच जपून वापरावी लागते.

मुंबईचाही या इतिहासाशी थोडा संबंध आला. एमिलिओ सेर्वादिओ हा इटालियन विश्लेषक १९३८ च्या वंशविषयक कायद्यांमुळे देश सोडून मुंबईस आला आणि महायुद्ध संपेपर्यंत भारतात होता. पुढील काळातील सुधीर कक्कर यांचे प्रशिक्षण १९७० च्या दशकात फ्रँकफुर्टच्या संस्थेत झाले. २०२४ मध्ये निवर्तलेल्या कक्कर यांनी अखेरची अनेक वर्षे गोव्यात काढली. भारतीय मनाचा माणूस जर्मन विश्लेषकापुढे बोलतो तेव्हा कुटुंब, व्यक्ती, स्वातंत्र्य यांविषयीची दोघांची गृहीते जुळत नाहीत आणि ती तफावत कोणी मुद्दाम उच्चारीतही नाही, याची त्यांनी केलेली चर्चा भाषाभ्यासकांनीही वाचावी अशी आहे. मुक्त बोलण्यासही एक भाषा लागते आणि ती कोणाची तरी मातृभाषा असते.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऐकणारा आणि पारखणारा एकच असावा काय?

फेरेंत्सीने १९२८ साली विश्लेषकाच्या विश्लेषणास मनोविश्लेषणाचा दुसरा मूलभूत नियम म्हटले. त्याच्या दृष्टीने ते पूर्ण आणि सखोल असावयास हवे होते. रुग्णाच्या विश्लेषणापेक्षा शिकाऊ माणसाचे विश्लेषण उथळ असावे, हे त्याला विपरीत वाटे. फ्रॉइडची भूमिका निराळी दिसते. १९३७ च्या निबंधात त्याने लिहिले की, व्यावहारिक कारणांमुळे शिक्षण-विश्लेषण थोडक्यात आटोपावे लागते आणि उमेदवार पुढील प्रशिक्षणास योग्य आहे की नाही हे शिक्षकास ठरविता यावे, हा त्याचा मुख्य हेतू होय. पारख हाच हेतू असल्याचे येथे स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. उणीव भरून काढण्यासाठी विश्लेषकाने दर पाचएक वर्षांनी पुन्हा विश्लेषण करून घ्यावे, असेही त्याने सुचविले. त्या सूचनेस संस्थांनी नियमाचे रूप कधी दिले नाही, ही गोष्ट बोलकी आहे. प्रवेशद्वारावरची परीक्षा राहिली. आत गेल्यावरची राहिली नाही.

पुढच्याच वर्षी ॲना फ्रॉइडने या विरोधाचा उघड उच्चार केला. रुग्णाच्या बाबतीत विश्लेषक स्वतःस पडद्याआड ठेवतो. उमेदवार मात्र त्याच माणसाची व्याख्याने ऐकतो, त्यास सभांत पाहतो आणि आपल्या भवितव्यावर त्याची सत्ता आहे हे जाणतो. रुग्णाच्या बाबतीत जी चूक मानली जाईल ती येथे पद्धत झाली आहे. ज्या कन्येचे विश्लेषण खुद्द पित्याने केले होते तिने हे लिहावे, याला वेगळे वजन आहे. १९४८ साली मायकेल बालिंट याने या पद्धतीची तुलना आदिम समाजांतील दीक्षाविधींशी केली. अशा विधींतून गेलेला तरुण दीक्षा देणाऱ्यासारखाच होऊन बाहेर पडतो आणि मग त्याच्यावर टीका करण्याची शक्ती गमावतो, हा त्यातील इशारा.

लंडनमधील घटनांनी या इशाऱ्याचा प्रत्यय आणून दिला. १९४१ ते १९४५ या काळात, शहरावर बाँब पडत असताना, तेथील संस्थेत मेलनी क्लाइन आणि ॲना फ्रॉइड यांच्या अनुयायांत प्रदीर्घ वाद झाला. वाद सिद्धांतांचा होता. पण त्याचे टोक प्रशिक्षणात होते, कारण उमेदवार कोणाकडे जाईल त्यावर तो कोणत्या पक्षाचा होईल हे ठरत होते. १९४६ मध्ये दोन समांतर अभ्यासक्रम सुरू झाले आणि उमेदवाराचा दुसरा देखरेख करणारा विश्लेषक मधल्या गटातील असावा, असे ठरले. संस्था दुभंगली नाही. या तोडग्याचे ते यश होय. परंतु विश्लेषणातून मुक्त झालेले मन आपल्या विश्लेषकाचे मत उचलते, हे या व्यवस्थेत गृहीतच धरले गेले.

फ्रान्समध्ये उत्तर टोकाचे निघाले. झाक लाकाँ याच्या कमीजास्त लांबीच्या बैठकींवरून १९५३ पासून तंटा चालू होता. १९६३ साली शिक्षण-विश्लेषकांच्या यादीतून त्याचे नाव कमी झाले आणि १९६४ मध्ये त्याने स्वतंत्र संस्था स्थापिली. विश्लेषक होण्याचा अधिकार ज्याचा त्याने स्वतःच घ्यावयाचा, असे त्याचे मत होते. १९६७ साली त्याने पास नावाची पद्धत सुचविली. विश्लेषण पूर्ण केलेल्याने आपला अनुभव दोन समवयस्कांना सांगावयाचा आणि त्या दोघांनी तो निर्णायक मंडळापुढे मांडावयाचा. ऐकणारे आणि पारखणारे येथे वेगळे झाले खरे. पण निर्णय ऐकीव साक्षीवर आला. या पद्धतीनेही फाटाफूट थांबली नाही. १९८० साली लाकाँने स्वतःच ती संस्था विसर्जित केली.

याहून साधे उपाय अधिक टिकले. शिक्षण-विश्लेषकाने उमेदवाराविषयी संस्थेस अभिप्राय देऊ नये, हा संकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू बहुतेक ठिकाणी रूढ झाला. उरुग्वेमधील संस्थेने १९७० च्या दशकात शिक्षण-विश्लेषकांची वेगळी श्रेणी मोडून त्यांची कामे निरनिराळ्या गटांत वाटून दिली. आंतरराष्ट्रीय संघटनेने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आयटिंगॉनचा, फ्रान्सचा आणि उरुग्वेचा असे तीन नमुने मान्य केले, तर २०१७ मध्ये आयटिंगॉनच्या नमुन्यात आठवड्यास तीन ते पाच बैठका चालतील अशी सवलत दिली. एकच नियम सर्वत्र असावा ही १९२५ ची आकांक्षा अशा रीतीने मागे पडली. तीन भागांची चौकट मात्र सर्वत्र टिकून आहे.

८

या इतिहासातून काय निष्पन्न होते?

एक गोष्ट निर्विवाद वाटते. स्वतः बोलण्याचा अनुभव घेतल्यावाचून दुसऱ्याचे बोलणे ऐकता येत नाही, हे बर्लिनचे गमक अद्याप कोणी खोडलेले नाही. आयटिंगॉन, फेरेंत्सी, लाकाँ यांचे अन्य सर्व बाबतींत मतभेद असले तरी येथे एकमत आहे. वाद आहे तो ही अट कोणी तपासावयाची याविषयी. अट तपासणारा जितका जवळचा, तितकी त्याची माहिती पक्की आणि तितकेच त्याच्यापुढचे बोलणे बांधलेले. तो जितका दूरचा, तितके बोलणे मोकळे आणि तितकाच त्याचा निर्णय ऐकीव. माहितीची खात्री आणि वाणीची मुक्तता या दोहोंपैकी एक वाढविली की दुसरी घटते. गेल्या शंभर वर्षांतील प्रत्येक सुधारणा या काट्यावरचे एखादे माप इकडून तिकडे ठेवते. काटा मोडता आलेला नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते यांत वाणीच्या मुक्ततेचे पारडे जड ठेवणे श्रेयस्कर होय. अयोग्य उमेदवारास अडविण्याची अन्य साधने संस्थेपाशी आहेत. देखरेखीखालील काम आहे, चर्चावर्ग आहेत. तेथे त्याचे गुणदोष उघड होतात. परंतु निर्भयपणे बोलता येईल अशी जागा विश्लेषणावाचून दुसरी नाही. ती एकदा परीक्षेची जागा झाली की उमेदवार तेथेही उत्तरे देऊ लागतो; आणि ज्याने स्वतः केवळ उत्तरे दिली, तो पुढे आपल्या रुग्णांकडूनही उत्तरांचीच अपेक्षा करील. यात नुकसान अखेर रुग्णाचे आहे आणि तो या कोणत्याही समितीवर नसतो.

विद्यापीठातील वाचकांस हा प्रश्न सर्वस्वी परका वाटू नये. संशोधन करणारा विद्यार्थी आपल्या शंका, आपले अपुरे विचार, आपले अज्ञान ज्याच्यापुढे मांडतो, तोच मार्गदर्शक पुष्कळदा त्याच्या प्रबंधावर अभिप्राय देतो आणि नोकरीसाठी शिफारसही करतो. विद्यार्थ्याने त्याच्यापुढे काय बोलावे आणि काय गिळावे, याचा हिशेब आपल्या विभागांतही चालू असतो. फक्त तो कोठे लिहून ठेवला जात नाही. मनोविश्लेषकांनी निदान हा पेच ओळखला, त्यावर जाहीर वाद घातला आणि त्यापायी आपल्या संस्थाही फुटू दिल्या. त्यांच्या उत्तरांपेक्षा त्यांचा हा प्रश्न अधिक अभ्यसनीय आहे.